पदवीच्या वर्गातील विपणनशास्त्र : पाठ्यपुस्तकाच्या भूमिकेची चिकित्सा

१

वाणिज्य आणि व्यवस्थापन ह्या विद्याशाखांच्या पदवी-अभ्यासक्रमांत विपणन हा विषय आज इतका रूढ झालेला आहे, की त्याच्या स्वरूपाविषयी मूलभूत प्रश्न विचारणे पुष्कळांना अनावश्यक वाटेल. विषयाची प्रकरणे ठरलेली आहेत : विपणनाची व्याख्या, विक्री आणि विपणन ह्यांतील भेद, ग्राहकाचे वर्तन, बाजारपेठेचे विभाजन, वस्तू, किंमत, वितरण आणि प्रवर्तन. प्रकरणे ठरलेली असल्यामुळे प्रश्नही ठरलेले आहेत. 'फरक स्पष्ट करा', 'टिपा लिहा', 'महत्त्व सांगा' ह्या साच्यांतून विद्यार्थी सुखरूप पार पडतो. एखाद्या विषयाला अशी निश्चिती लाभली म्हणजे ती त्या शास्त्राच्या परिपक्वतेची खूण समजली जाते. परंतु निश्चिती दोन प्रकारची असते. एक दीर्घ शोधाच्या शेवटी येते. दुसरी शोध थांबविल्यामुळे येते. पदवीच्या वर्गातील विपणनशास्त्राची निश्चिती ह्यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ह्या तपासणीत एक प्रश्न मध्यवर्ती आहे. पाठ्यपुस्तक विद्यार्थ्याला बाजार कोणाच्या जागेवरून दाखविते? त्याचे उत्तर कोणतेही प्रचलित पुस्तक उघडताच मिळते. ती जागा एखाद्या मोठ्या उत्पादक-संस्थेच्या विपणन-व्यवस्थापकाची आहे. कोणती वस्तू काढावी, तिची किंमत काय ठेवावी, ती कोणत्या मार्गाने दुकानापर्यंत न्यावी आणि तिची जाहिरात कशी करावी, हे सर्व निर्णय विद्यार्थ्याने त्या खुर्चीत बसून घ्यावयाचे असतात. वास्तविक विद्यार्थी एकोणीस-वीस वर्षांचा आहे. ती खुर्ची त्याला मिळालेली नाही, आणि बहुतेकांना ती कधी मिळणारही नाही. ज्याला बाजार कसा चालतो हे अजून ठाऊक नाही, त्याला बाजार कसा चालवावा हे शिकविणे, असा हा विपरीत क्रम आहे.

येथे केले जाणारे प्रतिपादन असे, की पदवीच्या पहिल्या अभ्यासक्रमात बाजार ही सामाजिक संस्था आधी यावी आणि व्यवस्थापकाचा निर्णय नंतर यावा. हा क्रम कोणी नव्याने शोधून काढावयाचा आहे असेही नाही. विषयाच्या जन्मकाळी तोच क्रम होता.

२

विपणन हा विषय विद्यापीठात प्रथम शिकविला गेला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, अमेरिकेत. १९०२ साली मिशिगन विद्यापीठात एडवर्ड डेव्हिड जोन्स ह्यांनी जो अभ्यासक्रम सुरू केला, तो ह्या विषयाचा पहिला विद्यापीठीय अभ्यासक्रम म्हणून सामान्यतः ओळखला जातो. त्याचे नाव लक्षात घेण्यासारखे आहे : 'अमेरिकेतील वितरक आणि नियामक उद्योग'. ह्या नावात ग्राहकाला जिंकण्याची भाषा नाही. माल कसा वाटला जातो आणि त्या वाटपाचे नियमन कोण करते, हा त्या अभ्यासक्रमाचा विषय होता. तो अर्थशास्त्राच्या विभागातून निघाला होता, आणि अर्थशास्त्राची वर्णनात्मक, ऐतिहासिक शिस्त त्याच्या पाठीशी होती.

पुढील दशकात मिनेसोटा विद्यापीठात एल. डी. एच. वेल्ड ह्यांच्याकडे शेतमालाच्या विपणनाचे अध्यापन आले. शिकविण्यास पुस्तके नव्हती. तेव्हा त्यांनी स्वतः मालाचा माग काढला. मिनेसोटातील लोणी आणि अंडी गावच्या व्यापाऱ्यापासून घाऊक दलालांमार्फत दूरच्या शहरांतील किरकोळ दुकानांपर्यंत कशी पोहोचतात, वाटेत कोण काय काम करतो आणि त्याबद्दल काय घेतो, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. १९१६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे शेतमालाच्या विपणनावरील पुस्तक अशा पाहण्यांतून तयार झाले. म्हणजे ह्या शास्त्राच्या आद्य पाठ्यपुस्तकांपैकी एक पुस्तक अध्यापकाच्या पायपिटीतून जन्मास आले आहे.

ह्या कालखंडात विषयाच्या मांडणीच्या तीन पद्धती रूढ झाल्या. एक पद्धत वस्तूनुसार होती : गहू, कापूस, लोणी ह्यांच्या बाजारांचे स्वतंत्र वर्णन. दुसरी संस्थानुसार होती : अडत्या, घाऊक व्यापारी, दुकानदार, गुदामवाला ह्यांच्या कार्याची मीमांसा. तिसरी कार्यानुसार होती : साठवण, वाहतूक, प्रतवारी, अर्थपुरवठा, धोका पत्करणे ही कामे कोणीतरी केलीच पाहिजेत, मग ती करणारा कोणी असो, असे तिचे सूत्र. तिन्हींत एक गोष्ट समान होती. पाहणारा बाजाराच्या बाहेर, सर्वांना दिसेल अशा जागी उभा होता. अमेरिकेतील विपणनाच्या अध्यापकांच्या संघटनेने १९३५ साली जी व्याख्या स्वीकारली, तीही ह्याच भूमिकेची होती. वस्तू आणि सेवा ह्यांचा उत्पादकापासून उपभोक्त्यापर्यंतचा प्रवाह ज्या व्यावसायिक क्रियांनी वळविला जातो, त्या क्रिया म्हणजे विपणन, असा तिचा आशय होता. ह्या व्याख्येत 'प्रवाह' हा शब्द कळीचा आहे. प्रवाहाला दोन काठ असतात, आणि अभ्यासकाला दोन्ही पाहावे लागतात.

३

ही भूमिका बदलली ती १९६०च्या आसपास. बदलाची कारणे क्षुल्लक नव्हती. १९५९ साली अमेरिकेतील व्यवसाय-शिक्षणावर दोन मोठे अहवाल प्रसिद्ध झाले : फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने गॉर्डन आणि हॉवेल ह्यांनी लिहिलेला एक, आणि कार्नेगी निधीच्या साहाय्याने पिअरसन ह्यांनी सिद्ध केलेला दुसरा. दोहोंचा सूर एकच होता. पदवी-पातळीवरील व्यवसाय-शिक्षण अतिशय संकुचित आणि धंदेवाईक झाले आहे. बारीकसारीक विषयांचे पीक माजले आहे. विद्यार्थ्याला गणित, वर्तनशास्त्रे आणि मानव्यविद्या ह्यांचा व्यापक पाया मिळत नाही. अशी टीका त्यांत होती. ह्या टीकेत पुष्कळ तथ्य होते. जुनी विपणनाची पुस्तके अनेकदा माहितीची कोठारे झालेली होती, आणि त्यांत विश्लेषणाची धार उरलेली नव्हती.

ह्याच सुमारास, १९६० साली, ई. जेरोम मॅकार्थी ह्यांचे 'बेसिक मार्केटिंग' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. वस्तू, किंमत, स्थान आणि प्रवर्तन ही चार अंगे त्यांनी सांगितली. इंग्रजीत हे चारही शब्द 'पी' ह्या अक्षराने सुरू होत असल्यामुळे 'चार पी' हे नाव रूढ झाले. त्यामागे नील बोर्डन ह्यांची 'विपणन-मिश्रण' ही कल्पना होती. तिचे सविस्तर निवेदन बोर्डन ह्यांनी १९६४ साली एका लेखात केले. १९६७ साली फिलिप कोटलर ह्यांचे 'मार्केटिंग मॅनेजमेंट' आले. विश्लेषण, नियोजन आणि नियंत्रण हे त्याचे उपशीर्षकच व्यवस्थापकाला उद्देशून होते. १९८० साली कोटलर ह्यांचे 'प्रिन्सिपल्स ऑफ मार्केटिंग' निघाले, आणि त्या पुस्तकाच्या उत्तरोत्तर आवृत्त्या, दक्षिण आशियासाठी केलेली आवृत्ती धरून, भारतातील महाविद्यालयांत पोहोचल्या.

ह्या पुस्तकांचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. विस्कळीत विषयाला त्यांनी आकार दिला. ग्राहकाला केंद्रस्थानी ठेवण्याचा आग्रह धरला. मॅकार्थी ह्यांच्या आकृतीत चार अंगांच्या मध्यभागी ग्राहकच आहे. मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र ह्यांच्याशी विषयाचे नाते जोडले. एका सत्रात शिकविता येईल अशी सुटसुटीत मांडणी अध्यापकाच्या हाती दिली. प्रश्न आहे तो ह्या सुटसुटीतपणासाठी काय सोडून दिले गेले, हा.

बोर्डन ह्यांच्या यादीत उत्पादकाच्या दृष्टीने बारा घटक होते. वस्तूचे नियोजन, किंमत, मुद्रानाम, वितरणाचे मार्ग, प्रत्यक्ष विक्री, जाहिरात, इतर प्रवर्तन, वेष्टन, मांडणी, विक्रीनंतरची सेवा, मालाची हाताळणी हे अकरा. आणि बारावा घटक होता तथ्यांचा शोध व त्यांचे विश्लेषण. बाराचे चार होताना पहिले अकरा कोठे ना कोठे सामावले गेले. बारावा मात्र चौकटीबाहेर राहिला. पाठ्यपुस्तकांत बाजार-संशोधनाचे प्रकरण असते हे खरे. परंतु ते निर्णयाचे एक साधन म्हणून असते, आणि पदवीच्या विद्यार्थ्याला ते बहुधा नमुना-निवड व प्रश्नावली ह्यांच्या व्याख्यांच्या रूपाने भेटते. वेल्ड ह्यांच्या काळी जे अध्ययनाचे सर्वस्व होते, ते आता एका प्रकरणापुरते उरले आहे. व्यवस्थापकाला ह्याने फारशी हानी नाही. तथ्ये आणून देणारी माणसे त्याच्या हाताखाली असतात. विद्यार्थ्याची हानी मात्र मोठी आहे, कारण त्याच्या आवाक्यात असलेले आणि त्याच्या बुद्धीला वाढविणारे काम नेमके तेच होते.

येथे एक उपरोध दिसतो. १९५९च्या अहवालांना धंदेवाईकपणा कमी व्हावयास हवा होता. तो कमी करण्याच्या ओघात विषय अधिक शास्त्रीय झाला, परंतु त्याचबरोबर तो संपूर्णपणे व्यवस्थापकाचा झाला. विल्यम विल्की आणि एलिझाबेथ मूर ह्यांनी १९९९ आणि २००३ साली लिहिलेल्या लेखांत ह्या परिवर्तनाची मीमांसा केली आहे. समग्र विपणन-व्यवस्था आणि तिचे समाजाला होणारे कार्य हा विषय एके काळी शास्त्राच्या मध्यभागी होता, तो पुढे कडेला गेला, हे त्यांनी दाखविले. व्याख्यांचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकन मार्केटिंग असोसिएशनच्या १९८५च्या व्याख्येत 'प्रवाह' जाऊन त्या जागी नियोजन आणि अंमलबजावणी आली. २००७च्या व्याख्येत मात्र 'व्यापक समाज' पुन्हा प्रविष्ट झाला. व्याख्या परतली, पदवीच्या वर्गातील मांडणी तिच्यामागोमाग परतलेली दिसत नाही.

४

चार अंगांच्या चौकटीत एक गृहीतक दडलेले आहे. वस्तू, किंमत, स्थान आणि प्रवर्तन ही विक्रेत्याच्या हातातील साधने आहेत, असे ही चौकट मानते. मोठ्या कारखानदाराच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु महाराष्ट्रात विक्रेत्यांचा जो सर्वांत मोठा वर्ग आहे, त्या शेतकऱ्याच्या बाबतीत ते खोटे ठरते.

नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या बाजार समितीत कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्याचे उदाहरण घ्यावे. त्याचा माल लिलावात उभा राहतो. बोली व्यापारी बोलतात. शेतकऱ्याच्या हाती उरते ते बोली मान्य करणे किंवा माल परत नेणे, आणि नाशवंत माल भाड्याच्या वाहनातून परत नेणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. 'किंमत' हे त्याचे साधन नाही. ती त्याच्यावर येऊन आदळणारी घटना आहे. 'स्थान'ही त्याच्या निवडीचे असतेच असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि मे २०२४ मध्ये ती उठविली; ह्या काळात परदेशातील बाजारपेठ हे 'स्थान' कोणाही उत्पादकाच्या चातुर्याने खुले होण्याजोगे नव्हते. हा सर्व व्यवहार विपणनाचाच आहे. परंतु चार अंगांची चौकट घेऊन विद्यार्थी त्याच्याकडे गेला, तर त्याला त्यात विपणन दिसणारच नाही. दिसेल ते विपणनाचा अभाव.

अडतीचा प्रश्न ह्याहून अधिक बोलका आहे. अडत्या शेतकऱ्याचा माल विकून देतो आणि त्याबद्दल अडत घेतो. ही अडत कोणी सोसावी? २०१६ साली महाराष्ट्रात फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय झाला, आणि त्याला व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवून विरोध केला. अडत्या नेमका कोणाचा प्रतिनिधी आहे? तो पुरवीत असलेल्या उधारीचे आणि पत्करीत असलेल्या धोक्याचे मोल किती? खरेदीदारावर टाकलेला खर्च बोली कमी होऊन पुन्हा शेतकऱ्याकडेच सरकतो काय? हे प्रश्न विपणनशास्त्राच्या गाभ्यातील आहेत, आणि जुन्या संस्थानुसार व कार्यानुसार मांडणीत त्यांना हक्काची जागा होती. आजच्या पाठ्यपुस्तकात 'वितरणाचे मार्ग' हे प्रकरण आहे; परंतु तेथे मध्यस्थ हा उत्पादकाने निवडावयाचा आणि प्रोत्साहन देऊन आपलासा करावयाचा घटक असतो. जेथे मध्यस्थच बलवान असतो आणि उत्पादकाला कर्जाने बांधून ठेवतो, त्या बाजाराचे चित्र त्या प्रकरणातून उमटत नाही.

'ग्रामीण विपणन' ह्या नावाने जी प्रकरणे किंवा पत्रिका जोडल्या जातात, त्यांनी ही उणीव भरून निघते, असे कोणी म्हणेल. परंतु त्यांत खेडे बहुधा खरेदीदार म्हणून येते. साबण, शाम्पूची पुडी आणि दुचाकी तेथे कशी पोहोचवावी, ह्याचा विचार त्यांत असतो. खेडे विकते काय आणि कसे, हा प्रश्न कृषी महाविद्यालयांकडे व अर्थशास्त्राच्या विभागांकडे सोपविला गेला आहे. एकाच बाजारपेठेचे दोन काठ असे दोन विद्याशाखांत वाटले गेले, आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला एकच काठ आला.

५

पाठ्यपुस्तकाच्या भूमिकेचा दुसरा परिणाम इतिहासावर झालेला आहे. जवळजवळ प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात विपणनाच्या विकासाचे टप्पे दिलेले असतात : प्रथम उत्पादनाचे युग, मग विक्रीचे युग आणि शेवटी विपणनाचे युग. विद्यार्थी हे टप्पे पाठ करतो आणि मानवी व्यापाराचा हाच इतिहास आहे असे समजतो. ह्या मांडणीचा एक प्रमुख उगम १९६० साली रॉबर्ट कीथ ह्यांनी लिहिलेल्या एका लेखात आहे. कीथ हे मिनीआपोलिस येथील पिल्सबरी ह्या पिठाच्या कंपनीतील अधिकारी होते, आणि त्यांनी सांगितलेली कथा त्या एका कंपनीची होती. एका पिठाच्या गिरणीचे आत्मवृत्त पुढे सर्व जगाचा इतिहास म्हणून छापले गेले.

१९८८ साली रोनाल्ड फुलर्टन ह्यांनी ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिका ह्या देशांतील पुराव्यांच्या आधारे ह्या युगकल्पनेची चिकित्सा केली. ज्या काळाला उत्पादनाचे युग म्हटले जाते, त्या काळातही मागणी निर्माण करण्याचे जोरकस प्रयत्न चालू होते, हे त्यांनी दाखवून दिले. तरीही ते टप्पे अभ्यासक्रमांतून गेलेले नाहीत. त्यांवर प्रश्न विचारणे सोपे आहे आणि उत्तर तपासणे त्याहून सोपे आहे.

महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासातून ह्या मांडणीची परीक्षा घेणे विद्यार्थ्याला सहज शक्य आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनी १९१० साली किर्लोस्करवाडीस कारखाना हलविला. त्यांचा लोखंडी नांगर बाजारात आला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत पसरलेला होता. वस्तू चांगली होती. परंतु ती चांगली आहे एवढ्याने ती खपत नव्हती. शेतकऱ्याचा विश्वास मिळविणे हेच खरे काम होते. १९२० साली शं. वा. किर्लोस्कर ह्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखाना आणि त्याच्या मालाचे ग्राहक ह्यांना जोडणारे हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून मराठी वाचकांच्या घराघरांत गेले. कीथ ह्यांच्या कालगणनेनुसार तो काळ उत्पादनाच्या युगाचा ठरतो. ग्राहकाचे शंकानिरसन करणारा आणि त्याच्यासाठी नियतकालिक चालविणारा कारखानदार त्या युगात कसा बसवावयाचा? हा प्रश्न वर्गात विचारला गेला, तर टप्प्यांचे प्रकरण पाठांतराऐवजी वादाचा विषय होईल. आणि शिक्षणाच्या दृष्टीने तेच त्याचे उचित स्थान आहे.

६

बाजार आधी पाहावा आणि मग त्याविषयी बोलावे, ही परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. १९३० साली पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने आपल्या आरंभीच्या प्रकाशनांतच, १९३३ साली, पुण्यातील फळांच्या विपणनाची पाहणी प्रसिद्ध केली. धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. आर. गाडगीळ हे तिचे लेखक. विषय वरकरणी लहान होता. एका शहरातील फळबाजार. परंतु फळ बागेतून निघून शहरातील गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंतचा मार्ग एकदा नीट पाहिला, म्हणजे त्यात पतपुरवठा, वाहतूक, प्रतवारी, अडत आणि नगरपालिकेचे नियमन ह्या सर्वांचा संबंध येतो. अर्थशास्त्राच्या एका नव्या संस्थेला हा विषय हाती घेण्याजोगा वाटला, ह्यात तिची दृष्टी दिसते.

त्याच दशकात भारत सरकारने १९३५ साली कृषी विपणनासाठी स्वतंत्र कार्यालय उभारले. त्याचे पहिले सल्लागार ए. एम. लिव्हिंग्स्टन ह्यांच्या काळात एकेका मालाच्या देशव्यापी पाहण्या झाल्या. गव्हाच्या विपणनावरील अहवाल १९३७ साली निघाला, आणि त्याच वर्षी प्रतवारीचा कायदा होऊन 'ॲगमार्क' ह्या चिन्हाला आधार मिळाला. बाजाराच्या नियमनाचा इतिहास तर ह्याहून जुना आहे. वऱ्हाडातील कारंजा येथील कापसाचा बाजार १८८६ साली नियमनाखाली आला. १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांचा आणि १९३९ साली शेतमालाच्या बाजारांचा कायदा आला. १९६३ साली महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा झाला. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची गुप्त रीत जाऊन उघड लिलाव का आणावा लागला, तोलाई आणि हमाली ह्यांचे दर का बांधून द्यावे लागले, हे ज्याने समजून घेतले, त्याला 'पारदर्शकता' ह्या शब्दाचा अर्थ व्याख्येवाचून कळतो.

सामग्रीचा अभाव आहे, ही सबब म्हणून टिकत नाही. सामग्री आहे, ती दुसऱ्या विभागाच्या कपाटात आहे.

७

ह्या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की पदवीधराला नोकरी हवी आहे. नोकरी देणाऱ्या संस्थांना व्यवस्थापनाची परिभाषा जाणणारा उमेदवार हवा असतो. अडत आणि तोलाई जाणून त्याला काय लाभ? हा आक्षेप गंभीर आहे, कारण विद्यार्थ्याच्या घरची परिस्थिती त्यामागे उभी असते. परंतु पदवीनंतर बहुतेकांच्या वाट्याला येणारी पहिली कामे कोणती, हे पाहावे. दुकानांची फेरी, घाऊक व्यापाऱ्याचा हिशोब, मागणीची नोंद, परत आलेल्या मालाचा निपटारा, ग्राहकाच्या तक्रारी, ह्या स्वरूपाची ती असतात. तेथे किंमत ठरविण्याचा अधिकार नसतो. बाजार वाचण्याची दृष्टी मात्र प्रत्येक दिवशी लागते. परिभाषा काही आठवड्यांत अंगवळणी पडते. दुकानदार एका कंपनीचा माल पुढे का मांडतो आणि दुसरीचा मागे का ठेवतो, हे ओळखण्याची नजर इतक्या लवकर येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की बाजार समिती हा मागे पडत चाललेला विषय आहे. आजचा व्यवहार दूरध्वनीच्या पडद्यावर होतो. वस्तुतः ह्या नव्या बाजारालाच जुने प्रश्न अधिक लागू पडतात. ई-व्यापाराचा मंच हाही एक मध्यस्थ आहे. तो विक्रेत्याकडून दलाली घेतो. कोणता माल आधी दिसावा हे ठरवितो. परत आलेल्या मालाचा खर्च कोणावर पडावा ह्याचे नियम करतो. कित्येकदा तो स्वतःच्या हितसंबंधाचा माल त्याच बाजारात विकतो, आणि म्हणूनच त्याच्या नियमनाचा प्रश्न अनेक देशांत उभा राहिला आहे. अडत्या कोणाचा, हा प्रश्न ज्याने एकदा समजून घेतला आहे, त्याला मंच कोणाचा, हे विचारणे सुचेल. ज्याने केवळ चार अंगे पाठ केली आहेत, त्याला मंच हे 'स्थान' वाटेल आणि तो पुढच्या प्रकरणाकडे वळेल.

ह्यावरून अभ्यासक्रमाच्या पुनर्रचनेची दिशा स्पष्ट होते. पहिल्या सत्रात एक वस्तू आणि एक बाजार घेऊन त्याचा पूर्ण माग काढणे हे मुख्य काम असावे. केळी, दूध, शाळेचा गणवेश, औषध, कोणतीही वस्तू चालेल. ग्राहकाने दिलेल्या रुपयाची वाटणी कशी होते, प्रत्येक वाटेकरी त्याबद्दल कोणते कार्य करतो, आणि ते कार्य न झाल्यास काय घडेल, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याने प्रत्यक्ष पाहून लिहावीत. मध्यस्थ हा केवळ लुटारू, ही लोकप्रिय समजूत, आणि मध्यस्थ हा केवळ सोयीचा दुवा, ही पुस्तकी समजूत, ह्या दोन्हींची परीक्षा अशा पाहणीतच होते. त्यानंतरच्या सत्रात विपणन-मिश्रण, विभाजन आणि ग्राहकवर्तन ह्या कल्पना आणाव्यात. तोपर्यंत त्यांना टेकावयास जमीन तयार झालेली असेल, आणि मॅकार्थी व कोटलर ह्यांची खरी थोरवीही विद्यार्थ्याला त्याच वेळी कळेल.

ह्यासाठी शासनाच्या नव्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्रातील पदवी-अभ्यासक्रमांची जी रचना करण्यात आली आहे, तीत क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव ह्यांना श्रेयांक दिलेले आहेत. ही जागा कशी भरली जाते, ह्यावर पुष्कळ अवलंबून राहील. मागील वर्षीच्या प्रकल्पाची नक्कल, किंवा मित्रमंडळींकडून भरून घेतलेली प्रश्नावली, एवढ्याने ती भरली गेली, तर एक चांगली संधी कागदावर संपेल. अध्यापकावरील भार वाढेल हे उघड आहे; मोठ्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याची पाहणी तपासणे सुकर नाही. परंतु गटागटांनी एकाच बाजाराची निरनिराळी अंगे घेतली, आणि वर्षागणिक त्या पाहण्या विभागाने जपून ठेवल्या, तर काही वर्षांत गावोगावच्या बाजारांचे असे दप्तर तयार होईल, की ज्याचा उपयोग पदव्युत्तर संशोधनालाही व्हावा.

परीक्षेचा साचाही त्यानुसार बदलावा लागेल. 'विक्री व विपणन ह्यांतील फरक स्पष्ट करा' ह्या प्रश्नाचे उत्तर बाजारात पाऊल न टाकता लिहिता येते. 'तुमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात टोमॅटोचा भाव सकाळी आणि संध्याकाळी वेगळा का असतो, आणि त्या फरकाचा भार कोण सोसतो?' ह्या प्रश्नाचे उत्तर तसे लिहिता येणार नाही. पहिला प्रश्न विद्यार्थ्याची स्मृती तपासतो, दुसरा त्याची विद्या. पदवी कोणत्या गोष्टीची साक्ष म्हणून द्यावयाची, हे विद्यापीठाने ठरवावयाचे आहे. आणि ते ठरण्याची जागा अभ्यास मंडळाच्या ठरावाइतकीच वर्षाअखेरची प्रश्नपत्रिका ही आहे.